जेवणाच्या वेळेची पाल

"म्याऊ," आप्पा टेबलाखालून म्हणाले.

ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं शाळेतले वर्गच्या वर्ग गार पडायचे, ते माझे वडील गुडघ्यांवर रांगत होते आणि त्यांच्या टकलावर आईनं ओढणीचे दोन कान बांधले होते. आई वरणभाताचा घास हातात धरून बसली होती. मी दाराशी उभा राहून पातेलं वाजवत होतो. आणि हा सगळा तमाशा जिच्यासाठी चालला होता ती अडीच वर्षांची बाई, म्हणजे माझी भाची अक्कू, खुर्चीत मांडी घालून आमच्याकडं अशी बघत होती, की जणू तिनं तिकीट काढलंय आणि खेळ काही जमत नाहीये.

"बघ, मांजर आली. तुझा घास खाऊन टाकणार हं! आ कर बघू, आऽऽ," आई म्हणाली, आणि अक्कूनं तोंड उघडावं म्हणून तिनं स्वतःचंच उघडलं. ते बघून माझंही उघडलं. टेबलाखाली आप्पांचंही उघडलं असणार. अक्कूचं तेवढं मिटलेलं राहिलं. मग तिनं ते उघडलं, पण बोलण्यापुरतं.

"मांजलीला दे," ती म्हणाली.

मांजर उठायला गेली आणि टेबलाला डोकं आपटून "अगं आई गं" म्हणाली.

आतल्या खोलीतून माझ्या बहिणीची हाक आली, "खाल्लं का गं तिनं?"

"खातेय, खातेय. तू पडून राहा," आई बेधडक खोटं बोलली आणि हातातला घास स्वतःच्या तोंडात टाकला.

ताई दुसऱ्या बाळंतपणाला बार्शीला आमच्याकडं आली होती. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला बंदी केली होती, त्यामुळं अक्कूला जेवू घालायचं काम आम्हां तिघांवर आलं होतं. तशी ती आपल्या घरीही फार खात नव्हतीच, पण आमच्याकडं आल्यावर तिनं जवळजवळ संपच पुकारला. भात नको, पोळी नको, खिमट नको, शिरा नको. दूध प्यायची, तेही कप कुणी बघत नसेल तर. बाकी वेळी ओठ असे घट्ट मिटायचे की चमचा आत जायला फट सापडायची नाही. कधी चुकून घास आत गेलाच, तर ती तो गालात ठेवून घरभर हिंडायची आणि मग माझ्या चपलेत नेऊन टाकायची. माझ्याच चपलेत का, हे मला कधी कळलं नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नव्हतं. पोरीचे दंड काडीसारखे झाले होते. डॉक्टरांनी वजन केलं, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "असंच चाललं तर हिला दवाखान्यात ठेवावं लागेल." ताईनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून ती पडल्या पडल्या डोळ्यांना पदर लावायला लागली. "माझ्या सासूबाई बारशाला येतील तेव्हा ही अशी दिसली तर काय म्हणतील? माहेरी माझ्या नातीला उपाशी ठेवलं म्हणतील. आणि खोटं तरी कुठं आहे?"

शोध लागला तो माझ्या हातून, आणि तोही योगायोगानं.

माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी घरी यायचो आणि एकटाच स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवायचो. त्या दिवशी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ताक असं ताट घेतलं होतं आणि तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं. एक बातमी वाचून झाली, भाकरीसाठी हात खाली नेला, तर तुकडा जागेवर नाही. मला वाटलं, मीच खाल्ला असेल. दुसरा मोडून ठेवला. पान उलटलं. दुसराही नाही.

मी वर्तमानपत्राची कड हळूच वाकवली. माझ्या मांडीशी अक्कू उकिडवी बसली होती. एक इवलासा हात ताटात आला, तुकडा उचलला, शेंगाचटणीत बुडवला आणि गेला. पाठोपाठ भाकरी कुरकुरल्याचा आवाज आला. तिखटानं नाक सूं सूं वाजत होतं, तरी हात पुन्हा आला.

मी एवढा आनंदलो की "शाब्बास!" म्हणून ओरडलो. तिनं दचकून माझ्याकडं बघितलं, तोंडातला तुकडा बाहेर काढून पुन्हा माझ्या ताटात ठेवला, आणि पळून गेली.

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो. वर्तमानपत्र नाकापर्यंत धरलं, ताट तिच्या बाजूला सरकवलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "ही माझी भाकरी आहे. कुणी हात लावायचा नाही." पोरीनं भाकरी फस्त केली, वर ताकात बोट बुडवून चोखलं. मी उपाशी दुकानात गेलो आणि रस्ताभर एकटाच हसत होतो.

रात्री मी घरातल्यांना जमवलं आणि म्हणालो, "तिला भूक आहे. पण आपण तिघं तिच्या तोंडाकडं असं बघतो की घास गिळणं म्हणजे काही परीक्षाच. आता कुणी तिला भरवायचं नाही. तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. आपापली ताटं वाढून घ्यायची आणि तिला चोरू द्यायचं."

"म्हणजे माझी पोर तू चोर करणार!" आतून ताई ओरडली.

"उपाशी साव असण्यापेक्षा बरं," आप्पा म्हणाले. त्यांच्या डोक्याला टेंगूळ होतं आणि त्यांना मांजर होण्यातून सुटका हवी होती.

ठरलं तसं सुरू केलं, पण अडचण आईची होती. तिला न बघता राहवेना. अक्कूचा हात ताटाकडं आला रे आला, की आईची मान आपोआप वळायची, डोळे भरून यायचे आणि अक्कू पळायची. शेवटी आप्पांनी तोडगा काढला. ज्याला हात येताना दिसेल त्यानं भिंतीकडं बोट दाखवून "पाल!" म्हणायचं, आणि बाकीच्यांनी ताबडतोब तिकडं बघायचं. पालीला कुणी नाही म्हणत नाही.

ते भलतंच लागू पडलं. बाहेरच्या खोलीत जेवायला बसलं की कुणीतरी "पाल!" म्हणायचं, आमच्या माना फिरायच्या, आणि मागं मचमच सुरू व्हायची. आप्पांनी स्वतःसाठी कॅलेंडरची भिंत पसंत केली. आईला खिडकी. मी समोरच्या भिंतीवर आजोबांचा फोटो होता त्याच्याकडं बघायचो, कारण त्याच्या काचेत अक्कू स्वच्छ दिसायची. ती भाकरी खायची, वांग्याचं भरीत खायची, आमटीत बोटं बुडवायची. एकदा आप्पांच्या ताटातला लोणच्याचा खार चाटून तिनं असं तोंड केलं की मला हसू दाबताना ठसका लागला. हळूहळू तिच्या गालांवर तजेला आला. चपलेतले घास बंद झाले.

सवयीची गंमत अशी, की "पाल" हा शब्द कानावर पडला की आमच्या माना आता विचार न करता फिरत होत्या. हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. ते आलं हलकुड्यांच्या समोर.

तेव्हा माझ्या लग्नाचं बघत होते. बघत होते म्हणजे लोक बघून जात होते आणि पुन्हा येत नव्हते. मुलाला नोकरी नाही, पंखे दुरुस्त करतो, म्हटलं की पुढची बोलणीच खुंटायची. सोलापूरच्या चन्नवीर हलकुड्यांचं स्थळ म्हणूनच आईला देव पावल्यासारखं वाटलं होतं. ते बार्शीत कुणाच्या तरी लग्नाला येणार होते आणि जाताना मुलीला घेऊनच आमचं घर बघून जातो म्हणाले होते.

सकाळपासून आईनं घर डोक्यावर घेतलं. शेंगापोळ्या केल्या, त्यांचा भाजलेल्या दाण्यांचा आणि गुळाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. अक्कूला ताईजवळ आतल्या खोलीत ठेवायचं आणि दार ओढून घ्यायचं, असं ठरलं.

"आणि आज पाल नाही," आईनं आम्हां दोघांना बजावलं. "आज काहीही झालं तरी भिंतीकडं बघायचं नाही. माणसांसारखं पाहुण्यांकडं बघायचं."

पाहुणे आले. हलकुडे अण्णा उंच, जाड भिंगाच्या चष्म्याचे, फार कमी बोलणारे. त्यांच्याबरोबर त्यांची बहीण सरोजाबाई होत्या. हलकुड्यांची बायको वारल्यापासून घराचा सगळा कारभार याच बघत होत्या, आणि घराबरोबर भावाचाही. आणि त्यांच्या मागं मुलगी होती, अंबिका. मी तिच्याकडं नीट बघितलंच नाही. आई म्हणाली होती माणसांसारखं बघ, तर मी पंख्याकडं बघत राहिलो. तो जरा डुगडुगत होता.

"पंखा दुरुस्त करणाऱ्याच्या घरी पंखा डुगडुगतो?" सरोजाबाई म्हणाल्या. सुरुवात अशी झाली.

आईनं शेंगापोळीच्या बशा आणल्या, वर तूप सोडलेल्या. अण्णांची नजर बशीवर अशी पडली, जशी कित्येक वर्षांनी भेटलेल्या मित्रावर पडते. पण बशी त्यांच्या हातात पोचायच्या आत सरोजाबाईंनी ती अडवली.

"दादाला नको. साखर आहे त्याला. त्याला नुसता बिनसाखरेचा चहा द्या."

"थोडीशी खातील की," आई म्हणाली.

"थोडीशी म्हणत म्हणतच वाढलीय ती. मी समोर असताना तो कणभर खात नाही. काय रे दादा?"

"नाही," अण्णा म्हणाले.

आईला पाहुण्यापुढची बशी परत नेणं जड गेलं. तिनं ती अण्णांच्या समोरच्या टीपॉयवर तशीच राहू दिली. अण्णांनी हात मांडीवर ठेवले आणि ते समोर बघत बसले. सरोजाबाई त्यांच्यावर एक डोळा ठेवून दुसऱ्या डोळ्यानं मला तपासत होत्या.

"दुकान स्वतःच्या जागेत आहे की भाड्याच्या?"

मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी दिवाणाखालची चादर हलली.

ताईला डुलकी लागली होती, आणि आतल्या खोलीच्या दाराची कडी नुसती टेकवलेली होती, हे नंतर कळलं. चादरीखालून आधी एक हात आला. मग केसांचा एक शेंडा आला. हात टीपॉयकडं सरकला, अण्णांच्या बशीकडं. आईनं तो बघितला. सकाळी आम्हांला बजावणारी तीच बाई, पण पोरीचा हात खाण्याकडं चाललेला दिसल्यावर तिच्याच्यानं राहवलं नाही.

"पाल!" आई म्हणाली आणि तिनं भिंतीकडं बोट केलं.

आप्पांची मान गर्रकन कॅलेंडरकडं फिरली. माझी फोटोकडं. आईची खिडकीकडं. तिघंही असे स्थिर झालो जसे फोटो काढायला बसलोय, फक्त फोटोग्राफर भिंतीत आहे.

मग सरोजाबाईंनी अशी किंकाळी फोडली की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. त्या बाईला जगात फक्त एका गोष्टीची भीती होती, आणि ती नेमकी हीच निघाली. त्या खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या, साडीच्या निऱ्या मुठीत धरून. "कुठाय? कुठाय ती? कुठल्या बाजूला गेली?"

आता पाल नाही म्हणून कसं सांगणार? आप्पा कॅलेंडरवरून नजर न हलवता म्हणाले, "कॅलेंडरच्या मागं शिरली बघा."

"त्यावरची नजर काढू नका! काढू नका!" सरोजाबाई ओरडल्या, आणि त्याही डोळे फाडून कॅलेंडरकडं बघत राहिल्या.

मी फोटोच्या काचेत बघत होतो. काचेत अक्कू टीपॉयपाशी उभी होती आणि शेंगापोळीचा तुकडा तोडत होती. समोर अण्णा होते. दोघांची नजरानजर झाली. कुणी बघितलं की अक्कू पळायची. पण ती पळाली नाही. तिनं अण्णांकडं बघितलं, मग खुर्चीवर उभ्या असलेल्या सरोजाबाईंकडं बघितलं, आणि चोराला चोर ओळखू यावा तसं तिला काहीतरी ओळखू आलं. तिनं तोडलेला तुकडा अण्णांपुढं धरला.

अण्णांनी तो घेतला. अख्खा तोंडात टाकला. डोळे मिटले. मग त्यांनी स्वतः दुसरा तुकडा मोडला, अर्धा तिला दिला, अर्धा स्वतः घेतला. बोटांवरचं तूप त्यांनी चाटलं, तसं तिनंही चाटलं.

आणि त्याच काचेत, अण्णांच्या खांद्यामागं, मला आणखी एक चेहरा दिसला. अंबिकाही भिंतीकडंच बघत होती. आजोबांच्या फोटोकडंच. आमची नजर काचेतच भेटली. तिनं ओठ असे आत घेतले होते की हसू बाहेर पडू नये. मग तिनं बोट हळूच ओठांवर ठेवलं.

"दिसतेय का?" सरोजाबाईंनी विचारलं.

"दिसतेय," अंबिका काचेतून माझ्याकडं बघत म्हणाली. "अजून आहे. हलू नकोस आत्या."

बशी रिकामी झाल्यावर अक्कू चादरीखाली गेली आणि आप्पांनी पाल खिडकीतून बाहेर गेल्याचं जाहीर केलं. सरोजाबाई खाली उतरल्या. त्यांनी रिकाम्या बशीकडं बघितलं, मग भावाकडं.

"मी आत नेल्या हो पोळ्या," आई घाईनं म्हणाली. आई त्या दिवशी खूप खोटं बोलली.

रिवाजाप्रमाणं आम्हां दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. वर वाळत घातलेल्या सांडग्यांच्या पलीकडं ती उभी राहिली आणि मी अलीकडं.

"तुमच्याकडं पाल निघाली की सगळे असेच बसतात?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. चपलेतले घास, मांजर झालेले आप्पा, सगळं. ती इतकी हसली की तिला कठड्याला टेकावं लागलं. मग तिनं डोळे पुसले.

"अण्णांनी खाल्लेलं तुम्ही बघितलंत ना?"

"मी फोटो बघत होतो."

"आत्याला सांगणार?"

"तुम्ही सांगणार?"

"मीही फोटोच बघत होते," ती म्हणाली. "चांगला आहे. तुमचे आजोबा का?" जरा थांबून ती पुन्हा म्हणाली, "आई गेल्यापासून ते असे आवडीनं खाताना मला दिसलेच नव्हते. आत्या वाईट नाही. घाबरते. आईच्या वेळी कुणी लक्ष ठेवलं नाही असं तिला वाटतं. म्हणून आता ती त्यांच्या प्रत्येक घासाकडं बघते."

मी म्हणालो, "पंखा डुगडुगतो त्याचं कारण छताचा हुक ढिला आहे. पंखा चांगला आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

निरोप देताना मी फाटकापर्यंत गेलो. सरोजाबाई आधीच रिक्षात जाऊन बसल्या होत्या, पाय वर घेऊन. अण्णा मागं रेंगाळले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्याकडं पाली फार आहेत का हो?"

"फार नाहीत. जेवणाच्या वेळेला असतात."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "असू द्या. मारू नका."

आम्हांला वाटलं, झालं, हेही स्थळ गेलं. आई दोन दिवस स्वतःला दोष देत होती आणि आप्पा तिला. तिसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. सरोजाबाई होत्या. "घर विचित्र आहे तुमचं, माझ्या मनाला अजिबात येत नाही," त्या म्हणाल्या. "पण दादा जन्मात पहिल्यांदा हट्टाला पेटलाय, आणि पोरगीही त्याच्याच बाजूला. तारीख कळवा."

लग्नाच्या आधीच ताईला मुलगा झाला. घरातली सगळी तोंडं पाळण्याकडं वळली, अक्कूकडं बघायला कुणाला सवडच उरली नाही, आणि ती आपलं ताट घेऊन निमूट जेवायला लागली. बारशाला ताईच्या सासूबाई आल्या, नातीला उचलून घेतलं आणि म्हणाल्या, "केवढी जड झाली गं ही! काय खायला घालता हिला?" आम्ही तिघं भिंतीकडं बघायला लागलो.

सरोजाबाईंनी पुन्हा आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. अण्णा मात्र एकटेच यायचे, सकाळच्या एसटीनं, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. ते येणार म्हटलं की अंबिका आदल्या दिवशीच शेंगापोळी करून ठेवायची. गूळ नावाला, दाणे जास्त, आणि डब्यात अर्धीच पोळी. तो डबा ती त्यांच्या हाताशी ठेवायची, त्यांच्या ताटात भाजी-भाकरी वाढायची आणि कडक आवाजात बजावायची, "अण्णा, गोड नाही मिळणार हं." मग स्वतःच भिंतीकडं बोट करून म्हणायची, "पाल!"

आमच्या माना फिरायच्या. मागं डब्याचं झाकण हळूच उघडल्याचा आवाज यायचा. अण्णा बरीच वर्षं जगले, साखर आवरून जगले, आणि शेवटपर्यंत त्यांची समजूत होती, की मुलीच्या घरी आपण चोरून खातो.